पाड्यावरच्या शाळेत कला शिकवायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागात, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. शिक्षण परिषद असो, केंद्राची (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाची) बैठक असो, की एसटीत शेजारी बसलेले एखादे पालक असोत, कला या विषयावर मला ठरावीक प्रश्न हमखास विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझा अनुभव प्राथमिक शाळेचा, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहिलंय. माध्यमिकच्या मुलांना लागणारी माहिती शेवटाकडे आहे.

आमच्या शाळेला कला शिक्षकच नाही. मग शिकवणार कोण?

छोट्या शाळांना कला शिक्षक मिळत नाही, कारण तशी तरतूदच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट, म्हणजे मुलांची संख्या, १०० च्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असं म्हटलंय. पाड्यावरच्या शाळेचा पट बावीस, पंचवीस, कुठे तर अकरा. पहिली ते पाचवीला ही तरतूदही लागू नाही. म्हणजे वस्ती जितकी विरळ, तितका कलेचा शिक्षक लांब. गावात नाटक नाही, चित्रांचं दालन नाही, गाण्याचा क्लास नाही, अशा मुलांना शाळेचाच आधार असतो आणि नेमका तिथेच तो मिळत नाही.

एका केंद्रातल्या आठ-दहा शाळांना मिळून एक फिरता कला शिक्षक मिळावा, अशी माझी मागणी आहे. आम्ही शाळा व्यवस्थापन समितीचा तसा ठराव करून वर पाठवलाय. तुम्हीही पाठवा. एका शाळेच्या कागदाकडे कुणी बघत नाही, पण चाळीस शाळांचे कागद आले तर बघावं लागेल.

तोपर्यंत हे काम दोघांनी मिळून करायचं आहे. एक वर्गशिक्षक आणि दुसरं गाव. गावाबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

मला स्वतःला चित्र काढता येत नाही. मी मुलांना काय शिकवू?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि मीही तो एकेकाळी विचारायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर "निसर्गचित्र" काढलं होतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणं घेत जाणारी नदी, एक झोपडी आणि नारळाचं झाड. मुलांनी ते मुकाट्याने पाटीवर उतरवलं. तेवीस पाट्या, तेवीस नारळ. आमच्या पाड्यावर नारळाचं एकही झाड नाही. खिडकीबाहेर साग होता, पळस होता, बांधावर ताड उभे होते, आणि मी त्या मुलांना माझ्या शाळेतल्या बाईंनी मला शिकवलेलं झाड काढायला लावत होते.

दुसऱ्या आठवड्यात मी फळ्यावर काहीच काढलं नाही. "आज शाळेत येताना वाटेत काय दिसलं?" एवढंच विचारलं. एकीने ओहोळावर टाकलेलं लाकूड काढलं आणि त्यावरून चालणारे पाच पाय. माणसं काढली नव्हती, फक्त पाय. मी विचारलं तर म्हणाली, "पायच बघत होते. पडायची भीती होती ना." इतकं खरं चित्र मला आजही काढता येणार नाही.

तुम्हाला चित्र येत नसेल तर फळ्यावर काढू नका. प्रश्न विचारा. कुठे दिसलं, किती होते, कोण पुढे होतं, अंधार होता की ऊन? मूल आठवत जातं आणि कागद भरत जातो. गाण्याचंही तसंच. गळा नसला तरी टाळी धरता येते, आणि सूर लावायला वर्गात दोन मुली तरी नक्की असतात.

मुलाने चुकीचं चित्र काढलं तर दुरुस्त करायचं का?

त्याच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवू नका. हा एकच नियम मी ठामपणे सांगते.

बालचित्रांचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. दोन ते चार वर्षांपर्यंत रेघोट्या, चार ते सातच्या दरम्यान डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं, सात ते नऊमध्ये कागदाच्या तळाशी जमिनीची एक सरळ रेघ आणि तिच्यावर उभं केलेलं सगळं जग, आणि नऊच्या पुढे "हुबेहूब दिसायला हवं" ही ओढ. पहिलीतल्या मुलाने घराच्या भिंतीतून आतली चूल दाखवली तर ती चूक नसते. आत चूल आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून तो ती दाखवतो. आई घराएवढी मोठी आली, कारण ती त्याच्यासाठी तेवढी आहे.

चौथी-पाचवीत मात्र वेगळी अडचण येते. मुलं स्वतःच "मला नाही जमत" म्हणून कागद चुरगाळतात. अनेक मुलं चित्र काढणं कायमचं सोडतात ती याच वयात. अशा वेळी नुसतं "छान आहे" म्हणून भागत नाही. त्यांना बघायला शिकवावं लागतं. एक पान हातात द्या आणि शिरा मोजायला सांगा. कोंबडी पकडून आणा आणि तिचा गुडघा कुठल्या दिशेला वाकतो ते बघू द्या. आमच्याकडे यावर अर्धा तास वाद झाला होता. शेवटी कोंबडीला तीन फेऱ्या चालवावं लागलं.

कलेची तासिका वेळापत्रकात आहे, पण ती गणितालाच जाते. वेळ कुठून काढायचा?

गणिताला जाते, ऑनलाइन माहिती भरण्यात जाते, पोषण आहाराच्या नोंदीत जाते. हे मला माहीत आहे, कारण माझीही जायची. मी दोन गोष्टी केल्या. तासिका शेवटची ठेवायची नाही, जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली ठेवायची. शेवटची तासिका कोणत्याही कामासाठी पहिली कापली जाते. दुसरं म्हणजे शनिवार. राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीला "आनंददायी शनिवार" आहे. त्यातला एक तास कलेच्या नावाने पक्का करा आणि वेळापत्रकाच्या तक्त्यावर लिहा. केंद्रप्रमुख आले की त्यांना तक्ता दाखवता येतो.

आमच्या भागात वर्षाचा हिशेबही वेगळा मांडावा लागतो. भातकापणी झाली, दिवाळी गेली की कुटुंबं वीटभट्टीवर, रेतीच्या कामावर उतरतात. मुलं सोबत जातात. ऊसतोडीच्या भागात तेच ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होतं. म्हणून जे काम पूर्ण वर्ग असताना करायचं आहे, नाटक, समूहगीत, मोठं भित्तिचित्र, ते जून ते दिवाळीत उरकायचं. जानेवारीतल्या कार्यक्रमाची तालीम डिसेंबरात धरली तर निम्मी मुलं जागेवर नसतात, आणि परत येतात तेव्हा त्यांच्या वाट्याचं काम दुसऱ्याला गेलेलं असतं. जाणाऱ्या मुलांना मी एक वही आणि दोन पेन्सिली देते. "जिथे असशील तिथलं काढून आण" एवढंच सांगते. एक मुलगा भट्टीवरून परत आला तेव्हा त्याच्या वहीत विटांच्या रांगा होत्या. पानामागून पान, फक्त रांगा, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात झोळीत झोपलेली त्याची बहीण. ती वही माझ्याकडे आहे.

रंग, कागद यांना पैसे नाहीत. काय करायचं?

थोडे पैसे असतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला एकत्रित अनुदान मिळतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३० च्या वर १०० पर्यंत २५,०००. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर जायला हवा. वीजबिल, खडू, दुरुस्ती यांतून उरेल ते आपलं. तरी समितीत आधीच बोलून ठेवलं तर दोन-तीन हजारांचे कागद, जाड ब्रश आणि पावडरचे रंग येतात. महागडे छोटे रंगपेटीचे संच घेऊ नका. एका पेटीत तीन मुलांचं आठवडाभरही भागत नाही.

बाकीचं रानात आहे. कोळसा आम्ही स्वतः करतो. निरगुडीच्या किंवा तुरीच्या पेन्सिलीएवढ्या जाड काटक्या घ्यायच्या, साल सोलायची, जुन्या पत्र्याच्या डब्यात घट्ट भरायच्या. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडायचं आणि डबा निखाऱ्यांत ठेवायचा. भोकातून धूर येत राहतो. धूर थांबला की डबा काढायचा, पण पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचा नाही. घाई केली तर आत हवा शिरते आणि हातात राख येते. आमचा पहिला डबा असाच गेला. दुसऱ्या डब्यातून निघालेल्या काड्या इतक्या मऊ चालायच्या की मुलं त्या शर्टाच्या खिशात घालून घरी घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी चार आया शाळेत आल्या. आता काड्या शाळेतच राहतात.

रंगांसाठी गेरू, खडूची पूड, काजळी, हळद. हळदीत चिमूटभर चुना घातला की मुलांच्या डोळ्यांदेखत पिवळ्याचा लाल होतो आणि तिथेच विज्ञानाचा तास सुरू होतो. पळसाची फुलं उकळून केशरी मिळतो. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक रात्रभर भिजवून त्यात मिसळला की रंग कागदाला धरतो. पानांचा हिरवा काही दिवसांत तपकिरी पडतो आणि हळद उन्हात उडते, हे मुलांना आधी सांगा, नाहीतर हिरमोड होतो. चुन्याला हात फक्त शिक्षकाने लावायचा, तो डोळ्यात गेला तर इजा होते. बिब्बा तर अजिबात वापरू नका, त्याच्या तेलाने कातडी भाजते.

कागद संपला तर सपाट दगड, पाठकोरी छापील पत्रकं, जुनी कॅलेंडरं. शेणाने सारवलेला पुठ्ठा वाळवून त्यावर गेरू फिरवला की चित्रासाठी त्याच्याइतकी सुंदर पार्श्वभूमी विकत मिळत नाही. मातीकाम बैलपोळ्याच्या आधी धरा. वारुळाची माती चाळून, भिजवून, चांगली मळून घेतली की बैल फुटत नाहीत. ज्यांच्या गावात कुंभार आहे त्यांनी माती कशी मळायची हे त्याच्याकडूनच शिकावं.

गावातल्या कलाकाराला शाळेत कसं बोलवायचं?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. दुर्गम भागात कला नाही, असं आपण सभांमध्ये बोलतो. ते खरं नाही. कला पाड्यावर आहे, पण शाळेच्या दारापाशी थांबलेली आहे.

आमच्याकडे पहिल्यांदा तारपा वाजला तो तिसरीतल्या एका मुलाच्या आजोबांचा. ते आले आणि सवयीने बाहेर पायरीवरच बसले. आत चला म्हटलं तर चपला काढून दाराशी उभे राहिले. खुर्ची नको म्हणाले. मग सगळे जमिनीवर बसलो. त्यांनी तारपा मांडीवर आडवा ठेवून दाखवला. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळलेला कर्णा, आणि सांधे बुजवायला मधमाशीचं मेण. तेवढ्यात त्यांचा नातू, जो वर्गात तोंडातून अक्षर काढायचा नाही, वारलीत सांगू लागला की मेण किती तापवायचं, जास्त तापलं तर कसं वाहून जातं. दहा मिनिटं बोलत होता. मग आजोबांनी वाजवायला सुरुवात केली. श्वास न तोडता, गालात हवा साठवून, सलग. मुलं कधी उठली आणि कमरेला हात घालून कधी फेर धरला ते मलाही कळलं नाही. त्या दिवसापासून तो मुलगा वर्गात बोलतो. मला ही पद्धत कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती.

बोलावताना काही गोष्टी पाळाव्यात. आपण स्वतः त्यांच्या घरी जायचं, निरोप मुलाच्या हाती धाडायचा नाही. त्या दिवशी त्यांची मजुरी बुडते, म्हणून मानधन द्यायचं. ते अनुदानातून, लोकवर्गणीतून, काहीच नसेल तर धान्याच्या रूपात द्या, पण रिकाम्या हाती पाठवू नका. नुसती शाल आणि नारळ देऊन भागवणं मला पटत नाही. आणि काय शाळेत करता येतं, काय येत नाही, हे आधी विचारायचं. वारली लग्नातला चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, हा विधी आहे. तो सुवासिनी लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, त्या वेळची गाणी म्हणते, त्यात पालघट देवी असते. तो फळ्यावर हौसेने काढायला लावण्याची गोष्ट नाही. काही गाणी, काही वाद्यं ठरावीक हंगामातलीच असतात. "आत्ता नाही गुरुजी, कापणीनंतर" असं म्हणाले तर थांबावं.

राज्यात जिथे जाल तिथे हे आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. गडचिरोलीत झाडीपट्टी रंगभूमी आहे. वडसा हे तिच्या नाटक मंडळ्यांचं मोठं केंद्र, आणि परशुराम खुणे यांना तिच्यासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सातपुड्यात काठीची राजवाडी होळी आणि तिची वेशभूषा आहे. जव्हार-मोखाड्यात बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाची, सोंगं आहेत. यांतल्या कलाकारांची मुलं-नातवंडं कुठल्या ना कुठल्या जिल्हा परिषद शाळेतच जातात. हजेरीपट उघडून मुलांना विचारा, तुमच्या घरात कोण वाजवतं, कोण टोपल्या विणतं, कोण गोष्टी सांगतं? आम्ही यादी केली तेव्हा पंचवीस घरांत नऊ नावं निघाली.

आम्ही वारली चित्रकला शिकवतोच. गोल, दोन त्रिकोण, काड्यांचे हातपाय. ते पुरेसं नाही का?

दोन त्रिकोण जोडले म्हणजे वारली चित्र झालं, असं सगळीकडे शिकवलं जातं आणि मला त्याचं वाईट वाटतं. त्या माणसांची कंबर बारीक आहे कारण ती वाकताना, नाचताना, ओझं उचलताना दिसावी. चित्र चालतं ते त्या हालचालीवर. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कलंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे यांनी विधीपुरतं असलेलं हे चित्र रोजच्या जगण्यात आणलं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र मुलांना जरूर दाखवा. बारीक बारीक पांढऱ्या रेघांनी भरलेलं ते अवाढव्य जाळं बघताना मुलं गप्प होतात, कारण जाळं विणणारे हात त्यांनी घरी बघितलेले असतात.

आणि तुम्ही वारली पट्ट्यात नसाल तर वारलीवरच का थांबायचं? बुलढाण्याच्या मुलाला त्याच्या आजीच्या गोधडीचे टाके, घरासमोरचं ठिपक्यांचं रांगोळीकाम, बैलाच्या झुलीवरची नक्षी बघू द्या. वारलीही शिकवा, पण ती कुठून आली, कशासाठी काढतात, हे सांगून.

एकाच खोलीत पहिली ते चौथी बसतात. कला घेता येते का?

इतर कुठल्याही विषयापेक्षा सोपी जाते. "पाऊस" हा एकच विषय पहिलीतलं मूल टिपक्यांनी काढतं आणि चौथीतलं गळक्या कौलासकट. नाटकात तर लहानमोठी लागतातच.

मुलांची घरची भाषा वेगळी आहे, मराठी नीट येत नाही. कलेचा काही उपयोग होतो?

फार होतो. आमच्याकडे वारली, कातकरी, कोकणा बोलणारी मुलं आहेत. मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया, धडगावला पावरी. पहिलीत आलेल्या अशा मुलासाठी पहिले काही महिने शाळा म्हणजे न कळणारा आवाज असतो. तो चित्र काढतो, मी बोट ठेवून विचारते, तो त्याच्या भाषेत शब्द सांगतो, मी तो देवनागरीत चित्राखाली लिहिते आणि शेजारी मराठी शब्द. दिवाळीपर्यंत वर्गाचा स्वतःचा चित्रकोश तयार होतो. घरची गाणीही परिपाठात घ्या. भाषा आपल्याला येत नसली तर मुलांकडून अर्थ विचारून घ्या. बाईंना काहीतरी येत नाही आणि आपल्याला येतं, ही गोष्ट त्या वयात फार मोठी असते.

गॅदरिंगला मुलं नाचतात, गातात. तेच कला शिक्षण नाही का?

गॅदरिंग जरूर करा. वर्षातून एकदा अख्खा गाव शाळेत येतो तो त्याच रात्री. पण भाड्याचे कपडे, सिनेमाचं गाणं, मोबाईलवर बघून बसवलेल्या स्टेप्स आणि पुढे उभी केलेली नेहमीची सहा मुलं, एवढंच होणार असेल तर मागे बसलेल्या सतरा मुलांच्या हाती काय आलं? भाड्याचे पैसे नाहीत म्हणून एक मुलगी त्या दिवशी शाळेत आलीच नव्हती. हे मला महिन्याने कळलं, आणि तेव्हापासून आमच्या शाळेत भाड्याचा ड्रेस बंद आहे. घरचं लुगडं, फेटा, शाळेत केलेले पुठ्ठ्याचे मुखवटे यांवर कार्यक्रम होतो. गेल्या वेळी मुलांनी स्वतः रचलेलं वीस मिनिटांचं नाटक झालं, बोअरवेल आटल्यावर पाणी आणायला कोण जातं यावर. प्रत्येक मुलाला काम होतं. ज्याला बोलायचं नव्हतं तो हंडा झाला होता.

"बोलक्या भिंती" रंगवून घेतल्या आहेत. आणखी काय हवं?

भिंत पेंटरने रंगवली असेल तर ती पेंटरची भिंत. जमिनीपासून तीन-चार फुटांचा पट्टा मोकळा सोडा. त्यावर गेरू मारून मुलांना द्या, दर सत्राला पुसून नवीन काढू द्या.

कलेचं मूल्यमापन कसं करायचं?

राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि श्रेणी व वर्णनात्मक नोंदी आपल्या हाती आल्या. पण "चित्रे छान काढतो" हीच नोंद चाळीस वेळा उतरवली जाते. चित्राच्या मागे तारीख टाका आणि प्रत्येकाची वेगळी फाइल ठेवा. जूनचं आणि मार्चचं चित्र शेजारी ठेवलं की नोंद आपोआप सुचते. "आधी सगळी माणसं समोर तोंड करून उभी असायची, आता कामात वाकलेली दिसतात" असं लिहा. मुलांना एकमेकांशी तोलू नका, चित्रांना नंबर देऊ नका.

पालक म्हणतात, चित्रं काढून पोट भरतं का?

हा प्रश्न विचारणाऱ्या बापाला गप्प करायचं नाही. त्याने आयुष्यभर पोटासाठीच मजुरी केलेली आहे. मी त्यांना खोटी आशा दाखवत नाही. सगळी मुलं चित्रकार होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. पण आमच्या जिल्ह्यात वारली चित्रांवर घर चालवणारी कुटुंबं आहेत, आणि ती त्यांना माहीत असतात. मी त्यांना मुलाची फाइल दाखवते. बहुतेक बाप एक-एक पान उलटत सगळी बघतात. पुढे विचारत नाहीत.

ज्या मुलाला खरंच या वाटेने जायचं आहे त्याच्यासाठी वाट आहे. कला शिक्षक पदविका आहे, बारावीनंतर सामायिक प्रवेश परीक्षा देऊन मुंबईचं १८५७ पासूनचं सर जे. जे., नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कला महाविद्यालयं. शुल्क खासगीपेक्षा खूपच कमी असतं, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीची चौकशी मात्र प्रवेशाआधी करावी.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आमच्या मुलांना देता येतात का?

येतात. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षा आहेत. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. प्रस्ताव शाळेने मुदतीत मंडळाकडे पाठवावा लागतो, आणि अनेकदा मुलांचे गुण तिथेच अडकतात. त्या वर्षीचं परिपत्रक मुख्याध्यापकांनी जुलैतच वाचून ठेवावं.

खरी अडचण परीक्षा केंद्राची. परीक्षा तालुक्याच्या गावी, पहिली एसटी साडेनऊची आणि पेपर त्याआधी. आमच्या शेजारच्या आश्रमशाळेने आदल्या रात्री मुलांना केंद्राच्या शाळेतच मुक्कामाला नेलं, तिथल्या मुख्याध्यापकांना आधी भेटून. रंग आणि ब्रश तीन-तीन मुलांत वाटून चालत नाहीत, प्रत्येकाचा संच लागतो. त्यासाठी गावातल्या नोकरदारांकडे मागा, देतात. स्मरणचित्रात मात्र आपली मुलं कमी पडत नाहीत. आठवडी बाजार, भातलावणी, विहिरीवरची गर्दी, त्यांच्या डोक्यात सगळं भरलेलं असतं.

यूट्यूब, दीक्षा अ‍ॅप यांवर भागेल का?

नेटवर्क असेल तिथे मदत होते. तालुक्याला गेलात की व्हिडिओ उतरवून आणा आणि वर्गात दाखवा. वाद्य कसं वाजतं, बाहुली कशी हलते, हे बघायला ते उत्तम. पण चित्र काढायच्या तासाला मोबाईल बंद ठेवा. समोर तयार चित्र दिसलं की हात तेच काढू लागतो.

शिक्षकांना मदत आणि प्रशिक्षण कुठे मिळतं?

बालभारतीचं "खेळू, करू, शिकू" प्राथमिकच्या वर्गांसाठी आहे. शाळेच्या कपाटात बहुधा असेलच, शोधा. एनसीईआरटीने नव्या अभ्यासक्रमात कलेची स्वतंत्र पुस्तकं काढली आहेत, तिसरीचं "बांसुरी" आणि सहावीचं "कृति". ती संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, शिक्षकांसाठी निवासी प्रशिक्षणं घेतं आणि १० ते १४ वयाच्या मुलांना कला शिष्यवृत्ती देतं. पारंपरिक कलाकारांच्या घरातल्या मुलांनी त्यासाठी नक्की अर्ज करावा. विदर्भातल्या शाळांना नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र जवळ आहे. नववी ते बारावीसाठी २०१५ पासून कला उत्सव होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे शिकायला जाण्याची सोय सांगितली आहे. पाड्यावरच्या शाळेला तर ही सगळी माणसं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

हे सगळं एकदम होणार नाही. सुरुवात कुठून करू?

या शनिवारी मुलांना कोरा कागद द्या, नाहीतर व्हरांड्याची फरशी आणि कोळशाची काडी द्या. विचारा, "तुमच्या घरात रात्री कोण काय करत असतं?" तुम्ही काही काढू नका, फिरत राहा आणि ऐका. कुणाच्या तरी चित्रात ढोल निघेल, कुणाच्या चित्रात टोपली विणणारी आजी. शाळा सुटली की त्यातल्या एका घरी जा.